कॅटला ८१ पडले आणि बाबांनी पेढे वाटले

पेवातली_हळद | २१ डिसेंबर २०२४, रात्री ११.४०

गुरुवारी कॅटचा, म्हणजे आयआयएमच्या एमबीए प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला. ८१.३ पर्सेंटाइल. टक्के नव्हेत, शंभरातले ८१ जण माझ्या मागे एवढाच अर्थ. मॉकमध्ये, म्हणजे सराव पेपरांत, ९३ ते ९६ यायचे. नव्वदीच्या खाली जाईन असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मी हरिपूरची, सांगली. गेल्या वर्षी बी.कॉम. झालं. बाबा मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहेत. वर्षभर मी दिवसा एका सीएच्या ऑफिसात बसायची आणि रात्री अभ्यास करायची. क्लासची फी, कॅटच्या फॉर्मचे अडीच हजार आणि बाकीचे फॉर्म, सगळं पगारातून भरलं.

नुसता निकाल वाईट लागला असता तर दोन दिवस उशीत तोंड खुपसून रडले असते आणि गप्प बसले असते. पण झालं भलतंच. लॉगिन उघडलं तेव्हा बाबा शेजारीच होते. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून मोबाईल डोळ्यांजवळ नेला, त्यांना ८१ दिसले. "एक्क्याऐंशी? बारावीला अठ्ठ्याहत्तर होते की गं!" मी तोंड उघडायच्या आत चप्पल घालून बाहेर. अर्ध्या तासानं किलोभर पेढे. थोडे बागेतल्या गणपतीपुढं ठेवले, थोडे शेजारी दिले, उरलेले शुक्रवारी दुकानात नेले. मालकांपासून हमालांपर्यंत सगळ्यांनी माझ्या ८१ टक्क्यांचा पेढा खाल्लाय. मालकांनी पाकीट दिलं. ते माझ्या टेबलावर पडलंय, उघडलेलं नाही.

आज मावशीचा फोन आला, "आता आयआयएम कुठली, अहमदाबाद का?"

काय करू? परत वर्ष घालवू की राज्याच्या एमबीए सीईटीवर भागवू? आणि बाबांना सांगू तरी कसं? की सांगूच नको?

---

भडंग_कच्चा_कांदा | २१ डिसेंबर, रात्री ११.५२

पेढे आमच्यापर्यंत पोचले नाहीत, निषेध.

मला ५४ पडले होते. घरी ५४ टक्के म्हणजे सेकंड क्लास धरून रविवारी मटण झालं. मी पण दाबून खाल्लं. सांगितलं सहा महिन्यांनी.

---

नदीपलीकडचा | २२ डिसेंबर, सकाळी ८.१०

स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. ८१ ला ओपनमधून आयआयएमचा मुलाखतीचा कॉल विसर, नव्या आयआयएमचाही. यंदा पेपर दिला २ लाख ९३ हजार जणांनी, म्हणजे तुझ्या पुढे पंचावन्न हजार माणसं आहेत. शंभर पर्सेंटाइलवालेच १४ आहेत. त्यात तू बी.कॉम. आणि बारावीला ७८. प्रोफाइलला मार्क देतात तिथेही मागे पडशील. एक वर्ष ड्रॉप घे, पूर्ण वेळ अभ्यास कर, नाहीतर नाद सोड. मधलं काही नसतं.

---

आडवं_बोलणारी | २२ डिसेंबर, सकाळी ८.४५

नदीपलीकडचे, सकाळी सकाळी काय खाल्लंत?

पोरीनं दोन प्रश्न विचारलेत, त्यातला एक बाबांचा आहे. त्याचं उत्तर तुमच्या कटऑफच्या तक्त्यात मिळणार नाही.

---

निवृत्त_गणित | २२ डिसेंबर, सकाळी ९.३०

मिरजेत एकतीस वर्षे गणित शिकवले. कॅट मी दिलेली नाही, परंतु नातवाबरोबर गेली दोन वर्षे तिचे पेपर सोडवतो आहे. सवय जात नाही.

बाळ, निकालाचा कागद घटकाभर बाजूला ठेव. ३ डिसेंबरला सगळ्यांना आपापली रिस्पॉन्स शीट मिळाली होती, कुठल्या प्रश्नाला कोणता पर्याय निवडला याची. ती उतरवून घेतलीस का? घेतली असशील तर प्रत्येक विभागात किती सोडवले, किती बरोबर, किती चूक, एवढे लिही. वर्ष घालवायचे की नाही हा प्रश्न त्यानंतरचा आहे. पेशंटला न तपासता औषध कसे सांगायचे?

---

पेवातली_हळद | २२ डिसेंबर, दुपारी ३.२०

काका, उतरवून घेतली होती. उघडली नव्हती. पेपर वाईट गेलाय हे कोल्हापूरहून परत येताना एसटीतच कळलं होतं, आकडा बघायचं धाडस नव्हतं. १९ दिवस ती पीडीएफ मोबाईलमध्ये तशीच होती. आज उघडली.

व्हीएआरसी (इंग्रजी, उतारे): २४ पैकी २२ सोडवले, ११ बरोबर. चुकलेल्यातले ९ पर्यायांचे, २ पर्याय नसलेले, उत्तर टाइप करायचे.
डीआयएलआर (तक्ते, तर्क): २२ पैकी ६ सोडवले, ४ बरोबर, १ पर्यायाचा चूक, १ टाइप केलेला चूक.
क्वांट (गणित): २२ पैकी ११ सोडवले, ५ बरोबर, ५ पर्यायांचे चूक, १ टाइप केलेला चूक.

एकूण ४५.

---

निवृत्त_गणित | २२ डिसेंबर, सायंकाळी ५.०५

शाब्बास. निम्मे काम झाले.

आता हिशेब बघ. वीस प्रश्न बरोबर, प्रत्येकी तीन, म्हणजे साठ गुण तू मिळवलेस. पर्यायांचे पंधरा चुकले, प्रत्येकी एक वजा, म्हणजे पंधरा परत देऊन आलीस. टाइप केलेल्या चुकांना वजाबाकी नाही, ते सोडून दे. ते पंधरा नुसते कोरे ठेवले असतेस तरी साठ राहिले असते, आणि साठाला यंदा नव्वदीच्या आसपास आहे. अडुसष्टपैकी २९ प्रश्नांना तर तुझा हातच लागलेला नाही.

---

नदीपलीकडचा | २२ डिसेंबर, सायंकाळी ५.४०

सर, कोणते पंधरा चुकणार हे आधी कळलं असतं तर सगळेच नव्वदीत गेले असते. हे 'जर-तर' आहे.

---

निवृत्त_गणित | २२ डिसेंबर, सायंकाळी ६.१५

बरोबर आहे तुमचे. म्हणूनच पुढचे काम सांगतो.

सगळा पेपर कागदावर छापून घे. उत्तरतालिका घरात कुणाकडे तरी देऊन टाक. घड्याळही काढून ठेव. पहिल्यापासून सगळे अडुसष्ट प्रश्न परत सोडव, दोन दिवस लागोत नाहीतर चार. मग उत्तरे ताडून बघ आणि परीक्षेत न आलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर तीनपैकी एक खूण कर. आजही येत नाही, त्याला फुली. आज आले पण त्या दिवशी चुकले, त्याला गोल. आज आले पण त्या दिवशी वाचलेसुद्धा नव्हते, त्याला टिंब. तिन्हींची बेरीज इथे टाक.

फुल्या जास्त निघाल्या तर अभ्यास कमी पडला. गोल जास्त निघाले तर घाई झाली किंवा भीती वाटली. टिंबे जास्त निघाली तर गोष्ट फारच वेगळी आहे. तिन्हींना मी तीन वेगळे सल्ले देईन आणि त्यातला एकच तुला लागू पडेल.

---

अजिंक्यतारा_पायथा | २२ डिसेंबर, रात्री १०.३०

साताऱ्यातून. एरवी मी नुसता वाचतो, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

मी कॅट तीनदा दिली. २०१९ ला शंभर प्रश्न आणि तीन तास होते, ८४ पडले. २०२० ला कोविडमुळं दोन तासांचा पेपर केला, ७६ प्रश्न, ८८ पडले. वाटलं आता पुढच्या वर्षी नव्वदी पार. २०२१ ला ७९.

एमआयडीसीत पहिल्या पाळीला होतो. दुपारी घरी यायचो, तासभर झोपायचो आणि मग मॉक. चाळीस मॉक दिले त्या वर्षी. पोवई नाक्यावरच्या चहाच्या गाड्यावर मित्रांना आकडा सांगायचो, चाळीस झाले, चाळीस झाले, जणू काही चाळीस जोर काढले. एकही मॉक परत उघडून बघितला नाही. आकडा चांगला आला की खूश, वाईट आला की दुसऱ्या दिवशी दुसरा मॉक. तिसऱ्या वर्षी मी अभ्यास करत नव्हतोच. मागच्या दोन वर्षांची उधारी फेडत होतो.

७९ नंतर महिनाभर कुणाशी बोललो नाही. सकाळी किल्ल्यावर जायचो कारण घरात बसलं की आई ताटात काहीतरी वाढत राहायची. मग एकदा फेब्रुवारीत लाईट गेली, नेट बंद, करायला काही नाही म्हणून लॅपटॉपवर उतरवलेले जुने मॉक उघडले. चाळीसपैकी ३१ मॉकमध्ये मी डीआयएलआरचा जो सेट (एकाच माहितीवरच्या प्रश्नांचा गट) पहिला दिसेल तोच सोडवायला घेतला होता. सोपा असो, अवघड असो. रांगेत उभं राहिल्यासारखा. पाची सेट आधी वाचून बघायचे हे मला क्लासमध्ये पन्नासदा सांगितलं होतं. मी वहीत लिहूनही घेतलं होतं.

त्या वर्षी सीईटी दिली, पुण्यात एमबीए केलं. आज एका डेअरीच्या खरेदी विभागात आहे. कॅटचं कुणी विचारत नाही. पण ते ३१ मला अजून टोचतात.

हळद ताई, काका सांगतायत ते कर. आणि मॉकचे ९३ ते ९६ विसर. घरात पंख्याखाली, चहाचा कप शेजारी ठेवून दिलेला मॉक आणि कोल्हापूरला साडेबाराच्या स्लॉटला सकाळी सातला निघून दिलेला पेपर, दोन्हींत फरक पडतोच.

---

आडवं_बोलणारी | २३ डिसेंबर, सकाळी ७.५५

अजिंक्यतारा, हे पूर्वी का नाही लिहिलंत?

हळद, तुला एक विचारते. एमबीए कशाला करायचंय? 'सगळे करतात' असं उत्तर असेल तर ८१ काय आणि ९९ काय. मोठ्या आयआयएमची फी वीस लाखांच्या वर गेलीय.

---

मावशी_नाही_मी | २३ डिसेंबर, सकाळी ११.२०

मुलीचं वय काय? वर्ष वाया घालवण्यापेक्षा स्थळं बघायला सुरुवात

---

व्यवस्थापक | २३ डिसेंबर, सकाळी ११.३१

स्थळांचा धागा वेगळा आहे. तिकडे जावे.

---

पेवातली_हळद | २४ डिसेंबर, रात्री १०.०५

आडवं ताई, खरं सांगू? पहिल्यांदा फॉर्म भरला तेव्हा सगळे करतात म्हणूनच भरला होता. मैत्रिणी पुण्याला गेल्या, मी राहिले.

पण लहानपणापासून बाबांच्या मागं दुकानात जाते. आमच्या हरिपुरात जमिनीखाली हळद साठवायची पेवं होती. २००५ च्या पुरात पाणी आत शिरलं आणि कुजलेल्या हळदीचा वास गावात कितीतरी दिवस होता. मी लहान होते, तो वास आठवतो. आता माल कोल्ड स्टोअरेजला जातो. २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण त्याचं पुढं काय करायचं हे शेतकऱ्याला कोण सांगणार? बेदाण्याचं तेच. शेतकरी माल घेऊन येतो, सौदा होतो, भाव ऐकतो, मान हलवतो आणि जातो. भाव का पडला ते त्याला कुणी सांगत नाही, आणि सांगायला वह्यांत सगळं लिहिलेलं असतं! बाबांच्या वह्यांत तीस वर्षांचे भाव आहेत. मला त्या धंद्यातलं काहीतरी करायचंय. शब्दात नीट मांडता येत नाही.

आता बाबांचं. काल रात्री जेवण झाल्यावर सांगितलं. आधी आकृती काढून सांगायला गेले, त्यांना कळेना. मग म्हटलं, समजा सौद्याला शंभर लॉट लागलेत. भावाच्या क्रमानं लावले तर माझा लॉट ८१ लॉटांच्या वर आहे, पण माझ्या वर अजून एकोणीसभर आहेत. आणि घेणारा वरचे पाचच उचलतो.

ते गप्प झाले. सुपारी कातरत होते, अडकित्ता खाली ठेवला. "म्हणजे पेढे वाटले ते चुकलंच म्हणायचं." मला रडू यायला लागलं. तर म्हणाले, "वाटले ते वाटले. आता परत मागता येत न्हाईत." आणि थोड्या वेळानं, "वरच्या एकोणीस जणांच्या मालात काय होतं, ते बघितलंस का?"

काका, मी त्यांना तुमचं नाव सांगितलेलं नाही, शपथ. उत्तरतालिका त्यांच्याकडंच दिलीय. त्यांनी ती रोजकीर्दीच्या वहीत ठेवून वर रबर लावलंय.

---

भडंग_कच्चा_कांदा | २४ डिसेंबर, रात्री १०.२०

रबर लावलंय 😂 संपला विषय. त्या वहीतून आयकरवाले पण कागद काढू शकणार नाहीत.

---

सहकारातला_एक | २५ डिसेंबर, सकाळी ९.४०

हळद, तुझं वाचून लिहितो. तुला ज्या कामात पडायचंय त्याच्या संस्था वेगळ्या आहेत आणि तिथं जायला ९९ लागत नाहीत. पुण्यात विद्यापीठाजवळ वैकुंठ मेहता सहकार व्यवस्थापन संस्था आहे, १९६७ ची. तिथं कृषी व्यवसाय व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. आणंदची इर्मा ही संस्था अमूलवाल्या कुरियन यांनी १९७९ ला उभी केली, ग्रामीण व्यवस्थापनासाठीच. दोन्हीकडं कॅटचा स्कोर घेतात. हैदराबादच्या मॅनेज या संस्थेतही घेतात, पण तिथं कृषी किंवा संबंधित पदवी मागतात, बी.कॉम.ला ते दार बंद. कॅटचा स्कोर एकाच वर्षाच्या प्रवेशाला चालतो, तेव्हा अर्जाच्या तारखा आजच बघ.

मुलाखतीला गेलीस तर पेवांचं सांग. वह्यांचं तर सांगच.

---

नदीपलीकडचा | २५ डिसेंबर, दुपारी १२.१५

इर्मा, वैकुंठ मेहता डोक्यातच आली नव्हती. ती चांगली आहेत. मी वर 'मधलं काही नसतं' म्हणालो, ते मागे घेतो. ड्रॉपचं मात्र मागे घेत नाही.

---

अजिंक्यतारा_पायथा | २५ डिसेंबर, दुपारी १.००

ड्रॉपवर मी भांडणार. नोकरी सोडून पूर्ण वेळ घरी बसलेला एक मित्र होता. पहिले दोन महिने रोज दहा तास. मग सहा. मग दिवसभर 'अभ्यास कसा करावा' याचे व्हिडिओ. आणि पुढं मुलाखतीत विचारतात ना, वर्षभर काय केलं? हळद सीएच्या ऑफिसात आहे ते सोनं आहे. सोडू नको.

---

पेवातली_हळद | २९ डिसेंबर, रात्री ९.५०

झालं. विश्रामबागेत झेरॉक्सच्या दुकानात पेपर छापून घेतला, चार रात्री लागल्या. आज बाबांनी रबर काढून उत्तरतालिका दिली.

न आलेले एकूण ४८. फुल्या १६, गोल ११, टिंबं २१.

एकवीस! परत परत मोजली. एकवीस प्रश्न असे, की जे मला येतात आणि मी ते त्या दिवशी वाचलेसुद्धा नाहीत.

डीआयएलआरचं सांगते. पहिला सेट घेतला, दहा मिनिटांनी कळलं की एक अट चुकीची वाचलीय, परत पहिल्यापासून केला. सोडवेना. सोडून द्यायचं तर दहा मिनिटं फुकट गेल्यासारखी वाटायला लागली, म्हणून अजून चौदा मिनिटं घातली. २४ मिनिटं एका सेटला, ४० पैकी. मग हात थरथरायला लागले, दुसऱ्यातले कसेबसे दोन केले. तिसरा, चौथा, पाचवा स्क्रीनवर उघडलाच नाही. आणि परवा रात्री तो चौथा सेट मी घरी ११ मिनिटांत सोडवला. चारही बरोबर. जेवणाच्या टेबलावर बसून, आई शेजारी मेथी निवडत असताना.

व्हीएआरसीत गोल जास्त आहेत. नऊ चुकले त्यातल्या सहांत मी आधी बरोबर पर्याय निवडला होता आणि मग बदलला. हे रिस्पॉन्स शीटवर दिसत नाही, पण मला प्रत्येक ठिकाणी आठवतंय. शेवटची आठ मिनिटं राहिली होती, रिकामं बसवेना म्हणून मागं जाऊन 'सुधारत' बसले.

क्वांटला एक टक्केवारीचं गणित चुकलंय. असलं गणित ऑफिसात मी दिवसातून वीस वेळा करते. दशांशचिन्ह एक घर सरकलं. साहेबांनी बघितलं तर पगार कापतील.

एक विचित्र गोष्ट झाली. एकवीस टिंबं मोजल्यावर वाईट वाटायला हवं होतं. मला भूक लागली. दहा दिवसांनी पहिल्यांदा दोन भाकऱ्या खाल्ल्या.

---

निवृत्त_गणित | ३० डिसेंबर, सकाळी ६.४०

एकवीस टिंबे. मग माझा सल्ला छोटा आहे. नवीन काही शिकू नकोस. पहिली पाच मिनिटे हातात पेन्सिल न धरता सगळे वाचायची सवय कर. एखाद्या सेटला आठ मिनिटांत वाट सापडली नाही तर उठायचे. गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत, पेढ्यांसारखीच.

(बाबांना माझा नमस्कार सांग. त्यांचे वाक्य मी चोरले आहे.)

सोळा फुल्या राहू देत. पुढच्या वर्षी कॅट द्यावीशी वाटली तर त्या तेव्हा बघू.

---

चाळीस_पाच_सेकंद | ३० डिसेंबर, दुपारी २.३०

सीईटी देणार असशील तर माझं ऐक, कारण कॅटवाले सीईटीत वेगळ्याच पद्धतीनं आपटतात.

२०० प्रश्न, १५० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. लॉजिकल ७५, अ‍ॅब्सट्रॅक्ट (आकृत्यांचे) २५, क्वांट ५०, व्हर्बल ५०. निगेटिव्ह मार्किंग नाही! कॅटनं तुला 'खात्री नसेल तर सोड' शिकवलं, इथं एकही कोरा ठेवायचा नाही. प्रश्न सोपे असतात म्हणून आपण त्यांच्यावर विचार करत बसतो आणि तिथंच मरतो. मी पहिल्या वर्षी १४० व्या प्रश्नावर होते तेव्हा वेळ संपली, साठ कोरे. दुसऱ्या वर्षी शेवटची तीन मिनिटं फक्त उरलेल्यांना अंदाजानं गोळ्या मारायला ठेवली.

आकृत्यांचे २५ तुला नवीन असतील. रोज पंधरा मिनिटं फक्त आकृत्या. जेवताना, एसटीत, कुठंही. फिरवलेली, उलटी, एक रेघ कमी. पंधरा दिवसांत डोळा बसतो.

मुंबईच्या जमनालाल बजाज कॉलेजचं स्वप्न असेल तर मात्र तिथं ९९ च्या पुढच्या दशांशावर भांडण असतं, ते आधीच सांगून ठेवते. बाकी चांगली कॉलेजं पुण्या-मुंबईत बरीच आहेत.

---

पेवातली_हळद | ३१ डिसेंबर, रात्री ११.१०

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: नोकरी चालू. सीईटीचा फॉर्म भरला. वैकुंठ मेहता आणि इर्माला अर्ज. कॅट पुढच्या वर्षीची आत्ता ठरवत नाही.

मालकांचं पाकीट परत द्यायला बाबांबरोबर दुकानात गेले होते. झाला घोटाळा मीच सांगितला. मालक म्हणाले, "पेढा गोड होता की! ठेव ते पाकीट." ५०१ निघाले. फॉर्मला लागले.

मावशीला आईनं फोन करून सांगितलं. काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

---

भडंग_कच्चा_कांदा | ३ एप्रिल २०२५, दुपारी ४.००

धागा वर काढतोय. १, २, ३ एप्रिलला सीईटी होती. हळद, जिवंत आहेस का?

---

पेवातली_हळद | ४ एप्रिल २०२५, रात्री १०.१५

जिवंत! माझा पेपर दोन तारखेला झाला, केंद्र सांगलीतच.

१८३ वाचून सोडवले. उरलेल्या १७ ना शेवटच्या तीन मिनिटांत गोळ्या मारल्या. एका लॉजिकलच्या प्रश्नावर परत तसंच झालं, मिनिटभर अडकले आणि पोटात गोळा आला. मग उठले तिथनं. दुसऱ्यांदा परत गेलेच नाही. कसा गेला ते माहीत नाही. खरंच माहीत नाही, मॉकचे आकडे या वेळी लिहूनच ठेवले नव्हते.

बाबा सोडायला आले होते. हळदीचा हंगाम आहे, सौद्यातून उठून थेट आले, बोटं पिवळीधमक. हॉल तिकीट मागितलं, नाव-नंबर दोनदा वाचला आणि परत दिलं. फोटोच्या बरोबर कपाळावर पिवळं बोट उमटलं. गेटवरच्या माणसानं माझ्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं, म्हणाला, "देवाला जाऊन आलाय जणू." मी काही बोलले नाही.

वैकुंठ मेहताची मुलाखत झाली. पेवांचं विचारलं त्यांनी, मीच अर्जात लिहिलं होतं. वह्यांवर वीस मिनिटं गेली. निकाल अजून नाही.

---

सहकारातला_एक | ४ एप्रिल, रात्री १०.३०

वीस मिनिटं वह्यांवर, मग काळजी नको. इर्माचं वाचलंस का? तिथं त्रिभुवन सहकारी विद्यापीठ होणार आहे, विधेयक याच आठवड्यात राज्यसभेत मंजूर झालं.

---

भडंग_कच्चा_कांदा | ४ एप्रिल, रात्री १०.३४

निकाल लागला की मोबाईल बाबांच्या हातात देऊ नको एवढंच सांगतो.

---

पेवातली_हळद | ४ एप्रिल, रात्री १०.४०

बाबांना आता पर्सेंटाइल माझ्यापेक्षा जास्त कळतं. परवा दुकानात एका शेतकऱ्याला भाव कमी लागला तर त्याला समजावत होते, "तुमचा माल साठ पर्सेंटाइलचा हाय, वाईट न्हाई." तो म्हणाला, "साठ टक्के ओल हाय म्हणता काय?" भांडण होता होता राहिलं.

---

निवृत्त_गणित | ५ एप्रिल, सकाळी ६.३०

सगळे वाचले. बरे वाटले.

एक काम होते. तुझ्या स्लॉटचा तो चौथा सेट, अकरा मिनिटांवाला, मी जानेवारीपासून घेऊन बसलो आहे. नातू हसतो. दोन प्रश्न सुटले, उरलेले दोन सुटत नाहीत. उत्तर सांगू नकोस. सुरुवात कुठून केलीस तेवढे सांग.

---

पेवातली_हळद | ५ एप्रिल, सकाळी ७.१०

काका, शेवटच्या अटीपासून. तिथनं उलटं वर या.